नाहीतर काय झालं असतं?

आधी एका आकड्याची गोष्ट. नकली माल आणि पायरसीमुळे अमेरिकी उद्योगांचं दरवर्षी २०० ते २५० अब्ज डॉलरचं नुकसान होतं आणि साडेसात लाख नोकऱ्या जातात, असं कित्येक वर्षं सांगितलं जायचं. भाषणांत, बातम्यांत, कडक कायदे मागणाऱ्या निवेदनांत हे आकडे हटकून यायचे. २०१० साली अमेरिकी संसदेसाठी हिशेब तपासणाऱ्या संस्थेने, म्हणजे गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने, त्यांचा उगम शोधायला घेतला. अडीचशे अब्जांचा माग एफबीआयच्या २००२ च्या एका प्रसिद्धिपत्रकापाशी जाऊन थांबला. आकडा काढला कसा, असं विचारल्यावर उत्तर मिळालं की मूळ माहितीची किंवा पद्धतीची काहीच नोंद नाही. नोकऱ्यांच्या आकड्यालाही आधार सापडला नाही.

पायरसीने नुकसान होत नाही, असा याचा अर्थ कुणी काढू नये. त्याच अहवालाने नुकसान मोठं असू शकतं, असंही म्हटलंय. पेच मोजण्याचा आहे. एका मुलाने फुकट मिळालं म्हणून गाणं उतरवून घेतलं. ते फुकट नसतं तर त्याने पैसे मोजले असते का? त्याने शंभर गाणी उतरवली, त्यांतली शंभर विकत घेतली असती, पाच घेतली असती, की एकही नाही? आणि त्यातलं एक फार आवडलं म्हणून तो पुढे त्या गायिकेच्या कार्यक्रमाचं तिकीट काढून गेला असेल, तर ते कुठल्या रकान्यात मांडायचं? उतरवलेली गाणी मोजता येतात. न झालेली विक्री डोळ्यांना दिसत नाही.

सार्वजनिक धोरणांच्या अभ्यासातलं सगळ्यात अवघड काम हेच असतं. काय झालं ते कुणीही सांगेल. तसं झालं नसतं तर काय झालं असतं, हे सांगायचं असतं. अर्थशास्त्रज्ञ याला काउंटरफॅक्च्युअल म्हणतात. मराठीत 'नाहीतर' एवढा एक शब्द पुरतो. नवं औषध तपासताना निम्म्या रुग्णांना औषध देतात, निम्म्यांना साधी गोळी, आणि फरक पाहतात. कायद्याचं तसं करता येत नाही. निम्म्या देशाला कॉपीराइट आणि निम्म्याला नाही, असं कोण करू देईल? कारखाना बंद पडलेलं शहर एकच असतं, तेच शहर कारखाना चालू ठेवून पुन्हा जगवून पाहता येत नाही. म्हणून हे अभ्यासक अशा जागा शोधत असतात, जिथे परिस्थितीनेच दोन सारख्या गोष्टींपैकी एकीला धक्का दिला आणि दुसरीला सोडलं.

इंटरनेटवरचा कॉपीराइट आणि ओस पडत चाललेली औद्योगिक शहरं, हे दोन विषय मी मुद्दाम एकत्र घेतले आहेत. दोन्हीकडे भांडण याच 'नाहीतर'वरून आहे. आणि दोन्हीकडे ज्याचा आवाज मोठा त्याचंच 'नाहीतर' खरं धरलं जातं, हे मला फार दिवस सलतंय.

काढून टाका, नाहीतर…

कॉपीराइटची कल्पना साधी आहे. लिहिणाऱ्याला, गाणाऱ्याला, चित्र काढणाऱ्याला ठरावीक काळ आपल्या कृतीच्या प्रतींवर एकट्याचा हक्क मिळतो. त्यातून चार पैसे सुटतात म्हणून तो पुढचं काम हाती घेऊ शकतो. मुदत संपली की कृती सगळ्यांची होते. छापखान्याच्या जगात प्रत काढणं खर्चाचं काम होतं, त्यामुळे हा कायदा प्रकाशकांच्या आणि ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या आपसातला होता. वाचणाऱ्याला, ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताही नसायचा. इंटरनेटवर मात्र नुसतं काही पाहायचं झालं तरी यंत्र आत एक प्रत काढतंच. जो कायदा काही हजार व्यावसायिकांसाठी होता, तो एकाएकी प्रत्येकाच्या रोजच्या वागण्याला लागू झाला.

१९९८ साली अमेरिकेने डिजिटल मिलेनियम कॉपीराइट ॲक्ट केला. त्याच्या ५१२ व्या कलमात एक सौदा आहे. लोक तुमच्या वेबसाइटवर काय काय टाकतात यावर तुम्ही आधीपासून पहारा ठेवायची गरज नाही. हक्कदाराची नोटीस आली की तो मजकूर ताबडतोब काढायचा, पुन्हापुन्हा तेच करणाऱ्याचं खातं बंद करायचं. एवढं केलं की लोकांच्या चुकीची भरपाई तुमच्याकडून मागता येत नाही. यूट्यूबसारख्या सेवा या कलमाच्या आडोशाला वाढल्या. हे कलम नसतं तर लोकांना स्वतःचं काही टाकू देणारी वेबसाइट काढण्याचं धाडस फार थोड्यांनी केलं असतं, असं मला वाटतं.

आता नोटीस हातात पडलेल्या कंपनीच्या जागी बसून पाहा. मजकूर काढला तर खर्च जवळजवळ शून्य. ज्याचा काढला तो एक कुणीतरी नाराज होईल, इतकंच. ठेवला आणि कोर्टात हरलात, तर जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला एका कृतीमागे दीड लाख डॉलरपर्यंत भरपाई बसू शकते. मग कोण ठेवेल? ज्याचा मजकूर गेला त्याला उलट नोटीस देता येते. पण त्यात खरं नाव आणि पत्ता लिहावा लागतो, खटला झाला तर अमुक कोर्टात हजर राहीन असं कबूल करावं लागतं. त्यानंतर हक्कदाराने दावा लावला नाही, तर कामकाजाच्या १० ते १४ दिवसांनी मजकूर परत येतो. निवडणुकीवरची टिप्पणी दोन आठवड्यांनी परत आली तर तिचं काय करायचं?

२००७ साली एका आईने स्वयंपाकघरात पांगुळगाड्याच्या आधाराने डुलणाऱ्या आपल्या बाळाचा २९ सेकंदांचा व्हिडिओ टाकला. मागे कुठेतरी प्रिन्स या गायकाचं गाणं वाजत होतं, तेही धड ऐकू न येणारं. युनिव्हर्सल म्युझिकची नोटीस आली आणि व्हिडिओ निघाला. त्या बाईंनी उलट नोटीस दिली, तो परत आला, आणि मग त्या स्वतःच कोर्टात गेल्या. अमेरिकी कायद्यात फेअर यूज नावाची मुभा आहे: टीका, शिकवणं, विडंबन अशा कामांसाठी परवानगीशिवाय थोडाबहुत वापर चालतो. नोटीस पाठवण्याआधी या मुभेचा विचार करायला हवा की नको, एवढाच सवाल होता. २०१५ साली अपील कोर्टाने सांगितलं, करायला हवा. मात्र पाठवणाऱ्याला मनापासून वाटलं की हे उल्लंघन आहे, तर तेवढं पुरे. प्रकरण मिटलं २०१८ मध्ये. बाळ तोवर सातवी-आठवीच्या वयाला पोचलं असेल.

ही एखाददुसरी गंमतीची घटना असती तर सोडून देता आली असती. २०१६ साली बर्कली आणि कोलंबिया विद्यापीठांतल्या संशोधकांनी मजकूर काढायला सांगणाऱ्या १० कोटी ८० लाखांहून जास्त मागण्यांच्या साठ्यातून नमुना काढून तपासला. त्यातल्या ४.२ टक्के मागण्या मुळातच चुकलेल्या होत्या: तक्रार एका कृतीची, बोट भलत्याच पानाकडे. आणखी २८.४ टक्के मागण्यांत काही ना काही शंकेला जागा होती. या मागण्या माणसं एकेक वाचून पाठवत नव्हती. प्रोग्राम शोधत होते, प्रोग्राम पाठवत होते, आणि पुष्कळ ठिकाणी काढणाराही प्रोग्रामच होता.

पण दुसरी बाजूही मला तितकीच खरी वाटते. स्वतःच्या पैशाने गाणं ध्वनिमुद्रित करणारी गायिका घ्या. तिचं गाणं कुणीतरी उचलून टाकतं. ती नोटीस पाठवते, ते निघतं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या खात्यावरून परत येतं. मोठ्या कंपन्यांसाठी यूट्यूबची कंटेंट आयडी ही व्यवस्था आहे: आवाजाचा ठसा जुळला की आपोआप पकडते आणि जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे वळवते. ती उभारायला १० कोटी डॉलरच्या वर खर्च आल्याचं यूट्यूब सांगतं. एकट्या कलाकाराला ती थेट वापरायला मिळत नाही. म्हणजे हा कायदा बाळाच्या आईला जड जातो आणि एकट्या गायिकेलाही जड जातो. ज्यांच्याकडे वकील आणि प्रोग्राम दोन्ही आहेत, त्यांना तो झेपतो.

मग नुकसानीचं काय? इथे मला एका अभ्यासाची रीत फार आवडते, निष्कर्ष पटो न पटो. फेलिक्स ओबरहोल्झर-गी आणि कोलमन स्ट्रम्फ या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ सालातली, लोक एकमेकांकडून गाणी उतरवत तेव्हाची नोंद मिळवली. नुसती तुलना करून भागणार नव्हतं, कारण जे गाणं गाजतं ते विकलंही जास्त जातं आणि चोरलंही जास्त जातं. आकडे पाहणाऱ्याला वाटेल, चोरी वाढली की विक्री वाढते! त्यांना असं काहीतरी हवं होतं, जे चोरी वाढवेल पण अमेरिकेतल्या विक्रीशी ज्याचा संबंध नसेल. ते त्यांना जर्मनीतल्या शाळांच्या सुट्ट्यांत सापडलं. जर्मन मुलं घरी असली की त्यांचे संगणक चालू राहतात, त्यांच्याकडची गाणी जगाला उपलब्ध होतात, आणि अमेरिकेतल्या माणसाला गाणं उतरवून घेणं सोपं जातं. जर्मनीतल्या सुट्टीने अमेरिकेतल्या दुकानातली विक्री घटते का? २००७ साली छापून आलेल्या त्यांच्या निबंधाचं उत्तर होतं, शून्यापासून वेगळा काढता येईल एवढा परिणाम दिसत नाही.

यावर वाद पेटला, आणि पेटायलाच हवा होता. नंतरच्या बहुतेक अभ्यासांना पायरसीने विक्री घटते असंच दिसलं. अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रित संगीताची कमाई १९९९ मध्ये सुमारे १४.६ अब्ज डॉलर होती, ती पंधरा वर्षांत निम्म्यावर आली, हे कुणालाही नाकारता येत नाही. मग जोएल वाल्डफोगल या अर्थशास्त्रज्ञांनी प्रश्नच वळवून घेतला. कमाई घटली, मान्य. पण त्यामुळे चांगली गाणी निर्माण व्हायची थांबली का? त्यांनी समीक्षकांच्या सर्वोत्तम अल्बमच्या याद्या घेतल्या, कुठल्या सालची गाणी पुढे किती वर्षं वाजत राहिली, विकली जात राहिली ते पाहिलं. नॅपस्टर ही फुकट गाणी उतरवायची सेवा आल्यानंतर दर्जा घसरल्याची खूण त्यांना सापडली नाही. ध्वनिमुद्रण स्वस्त झालं होतं, वितरण जवळपास फुकट झालं होतं, आणि पूर्वी ज्यांना कंपन्यांनी दारातही उभं केलं नसतं असे लोक गाणी काढत होते. अमेरिकी राज्यघटना कॉपीराइटचा हेतू ज्ञानाची आणि कलांची प्रगती असा सांगते. त्या कसोटीवर हा दुसरा प्रश्न जास्त मोलाचा आहे, असं माझं मत.

मुदतीचा हिशेब तर वहीच्या एका कोपऱ्यात मावतो. १९९८ सालीच अमेरिकेने कॉपीराइटची मुदत २० वर्षांनी वाढवली: लेखकाच्या मृत्यूनंतर ५० ऐवजी ७० वर्षं, कंपन्यांसाठी केलेल्या कामांना ७५ ऐवजी ९५. आता समजा एक लेखिका आज पुस्तक लिहिते आणि पुढे ३० वर्षं जगते. वाढीव मुदतीचा पैसा तिच्या वारसांना ८० व्या वर्षानंतर मिळायला लागेल. वर्षाला ७ टक्के दर धरला तर ८० वर्षांनी हाती येणाऱ्या एका डॉलरची आजची किंमत अर्धा सेंटसुद्धा भरत नाही. त्या अर्ध्या सेंटच्या आशेने ती लिहायला बसेल का? आणि ही वाढ आधीच लिहून झालेल्या पुस्तकांनाही मिळाली. कबरीतल्या लेखकाला नवं लिहायचं प्रोत्साहन कसं देणार? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा १७ अर्थशास्त्रज्ञांनी हाच हिशेब मांडला. केनेथ ॲरो आणि मिल्टन फ्रिडमन, ज्यांचं एरवी फारसं जमलं नसतं, दोघेही त्यात होते. एकूण पाच नोबेल विजेते. २००३ मध्ये न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी वाढ कायम ठेवली: ती शहाणपणाची आहे का हे ठरवणं संसदेचं काम. त्या वाढीमुळे १९९९ ते २०१८ या वीस वर्षांत अमेरिकेत मुदत संपून एकही प्रकाशित कृती सार्वजनिक झाली नाही.

या निर्णयाने काय हरवलं, हे कायद्याचे प्राध्यापक पॉल हील्ड यांनी अॅमेझॉनवर विकल्या जाणाऱ्या नव्या पुस्तकांचा नमुना काढून दाखवलं. १८८० च्या दशकात लिहिलेल्या पुस्तकांच्या नव्या प्रती १९८० च्या दशकातल्यांपेक्षा जास्त सापडल्या. जुन्या पुस्तकांची मुदत संपलीय, कुणीही छापू शकतो. अलीकडच्या पुस्तकांचा हक्क कुणाकडे तरी आहे. तो छापत नाही आणि दुसऱ्याला छापताही येत नाही. ती पुस्तकं कुणी चोरली नाहीत, जाळली नाहीत. ती नुसती मिळत नाहीत, आणि न मिळणाऱ्या पुस्तकांच्या वतीने संसदेत साक्ष द्यायला कुणी जात नाही.

सवलत द्या, नाहीतर…

१९ सप्टेंबर १९७७, सोमवार. ओहायोतल्या यंग्सटाउनमधल्या शीट अँड ट्यूब कंपनीने कॅम्पबेल वर्क्स हा पोलाद कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं. सुमारे ५ हजार माणसांची रोजीरोटी एका घोषणेत गेली. तिथे आजही त्या दिवसाला काळा सोमवार म्हणतात. १९३० मध्ये या शहरात १,७०,००२ माणसं होती. २०२० च्या जनगणनेत ६०,०६८ उरली.

कारणं एकच एक नव्हती. जुन्या भट्ट्यांत वेळेवर पैसा घातला गेला नाही, भंगार वितळवून पोलाद करणारे छोटे कारखाने पुढे गेले, आयात वाढली. एक टन पोलादाला १९८० च्या सुमारास दहा मनुष्यतास लागायचे, तिथे आता दोनही लागत नाहीत. दुसऱ्या औद्योगिक शहरांतले मोटार कारखाने उपनगरांत आणि दक्षिणेत गेले. महामार्ग आणि गृहकर्जाचे नियम गोऱ्या मध्यमवर्गाला शहराबाहेर घेऊन गेले, काळ्या कुटुंबांना मात्र ते दार बंद होतं.

यापुढचा भाग जास्त समजून घ्यायचा आहे: शहर मोठं होताना जसं होतं, तसंच उलट्या दिशेने लहान होत नाही. मिशिगन राज्यातलं डेट्रॉइट पाहा. १९५० मध्ये १८,४९,५६८ माणसं, २०२० मध्ये ६,३९,१११. माणसं दोनतृतीयांश गेली. शहर ३६० चौरस किलोमीटरचं तेवढंच राहिलं. पाण्याचे नळ तेवढेच लांब, गटारं तेवढीच खोल, रस्ते तेवढेच. बिल भरणारे मात्र तिसरा हिस्सा. दर वाढवला की आणखी कुणी निघून जातं, मग उरलेल्यांवर आणखी बोजा. २०१३ मध्ये सुमारे १८ अब्ज डॉलरची देणी घेऊन शहराने दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा ८८ हजार पथदिव्यांपैकी जवळपास ४० टक्के बंद होते आणि सुमारे ७८ हजार वास्तू ओसाड होत्या.

एडवर्ड ग्लेझर आणि जोसेफ ग्युरको या अर्थशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये याचं एक साधं स्पष्टीकरण दिलं: घर टिकाऊ असतं. काम गेलं तरी घर उभंच राहतं, आणि मागणी नसल्याने मातीमोल होतं. ज्यांना दुसरीकडे परवडतं ते जातात. ज्यांना ते स्वस्त घर हाच आधार आहे, ते राहतात किंवा नवे येतात. म्हणून अशी शहरं एकदम रिकामी होत नाहीत. ती हळूहळू गरीब होत जातात. हे वाचल्यापासून 'लोक उठून दुसरीकडे का जात नाहीत' हा प्रश्न मला विचारवत नाही. विकून दोन महिन्यांचं भाडंही निघणार नाही अशा घराचा मालक जाणार कुठे?

अशा शहराच्या महापौराकडे एखादी कंपनी येते आणि म्हणते, जागा द्या, कर माफ करा, नाहीतर आम्ही दुसरीकडे चाललो. १९८० मध्ये जनरल मोटर्स डेट्रॉइटकडे अशीच आली होती. ६ हजार नोकऱ्यांचा शब्द होता. जागा हवी होती ती पोलटाउन नावाच्या वस्तीची, जिथे पोलिश वंशाचे म्हातारे आणि काळी कुटुंबं शेजारी शेजारी राहत होती. चार हजारांवर माणसं, तेराशेच्या आसपास घरं, सुमारे १४० धंदे, अनेक चर्च. लोक कोर्टात गेले. मार्च १९८१ मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने नोकऱ्या हाही सार्वजनिक उपयोगच, असं म्हणून शहराला जमीन घ्यायची मुभा दिली. त्या उन्हाळ्यात म्हाताऱ्या बाया आपल्या चर्चमध्ये ठाण मांडून बसल्या होत्या. पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं आणि चर्च पाडलं. जागा मोकळी करून द्यायला सुमारे २० कोटी डॉलर सरकारी पैसा लागला. कंपनीने ती सुमारे ८० लाखांना घेतली. कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला, आणि सुरुवातीच्या वर्षांत कबूल केलेल्या नोकऱ्यांच्या निम्म्याही भरल्या नाहीत. ज्या १४० धंद्यांवर नांगर फिरला, त्यांतल्या नोकऱ्या कुणी त्यातून वजाही केल्या नाहीत. २००४ मध्ये त्याच न्यायालयाने तो जुना निकाल चुकीचा ठरवला. कारखान्याच्या आवारात एक जुनं ज्यू दफनस्थान तेवढं उरलंय. वर्षातून दोन दिवस नातलगांसाठी फाटक उघडतात.

'नाहीतर चाललो' हे खरं किती वेळा असतं? मिशिगनमधल्या अपजॉन संस्थेतले टिमथी बार्टिक यांनी उपलब्ध अभ्यास एकत्र करून अंदाज काढला: सवलत मिळालेल्या कंपन्यांपैकी २ ते २५ टक्क्यांचा निर्णयच सवलतीने बदलला असावा. बाकीच्या, म्हणजे कमीत कमी चारांतल्या तीन, तिथेच येणार होत्या. ज्या पैशातून शाळा चालल्या असत्या, तो येणाऱ्यालाच 'या' म्हणण्यात गेला. आणि कधी कधी येणाराही नीट येत नाही. २०१७ मध्ये विस्कॉन्सिनने रसीन या जुन्या औद्योगिक शहराजवळ फॉक्सकॉन या इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवणाऱ्या कंपनीला १३ हजार नोकऱ्यांच्या बदल्यात सुमारे ३ अब्ज डॉलरच्या सवलती देऊ केल्या. २०२१ मध्ये करार नव्याने लिहावा लागला: नोकऱ्या १,४५४, सवलत ८ कोटी डॉलर. राज्याचे बरेचसे पैसे वाचले, कारण ते नोकऱ्या दाखवल्यावरच मिळणार होते. पण रस्ते, पाणी आणि जमिनीसाठी स्थानिक संस्थांनी आधीच कर्ज काढलं होतं, आणि त्या जमिनीवरची घरं कधीच पडली होती.

सगळ्याच कारखान्यांच्या बाबतीत असं होतं, असं मात्र म्हणता येणार नाही. ग्रीनस्टोन, हॉर्नबेक आणि मोरेटी यांनी मोठी हुशारीची तुलना केली. जागा निवडताना कंपनी शेवटी दोन-तीन ठिकाणांत घुटमळते. त्या धंद्यातलं एक मासिक कोण जिंकलं आणि कोण थोडक्यात हरलं, हे छापायचं. थोडक्यात हरलेला परगणा म्हणजे जिंकलेल्याचं 'नाहीतर'! पाच वर्षांनी जिंकलेल्या परगण्यातल्या आधीच्या कारखान्यांची उत्पादकता हरलेल्या ठिकाणांपेक्षा १२ टक्क्यांनी जास्त दिसली. कुशल कामगार, पुरवठादार, कल्पना आसपास झिरपतात. मात्र अलीकडे कॅलिन स्लॅटरी आणि ओवेन झिडार यांनी सवलतींचे व्यवहार गोळा करून पाहिले, तेव्हा थेट नोकऱ्यांपलीकडे त्या भागाचं भलं झाल्याचा ठोस पुरावा त्यांना मिळाला नाही. वाद अजून चालू आहे.

पिट्सबर्गचं उदाहरण सगळे देतात. पोलाद गेलं, विद्यापीठं, रुग्णालयं आणि यंत्रमानव आले. गोष्ट खरी आहे. तिथल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने रोबोटिक्सची संस्था १९७९ मध्येच सुरू केली होती, कारखाने कोसळायच्या आधी. पण लोकसंख्या ६,७६,८०६ वरून ३,०२,९७१ वर आली, आणि १९८० च्या दशकात काम गेलेली तरुण माणसं शहर सोडून गेली. आजच्या सुबत्तेत ती नाहीत. नदीकाठच्या होमस्टेडचा कारखाना १९८६ मध्ये बंद झाला. तिथे आता खरेदीचा मोठा बाजार आहे आणि त्याच्या कडेला जुन्या भट्टीची बारा धुराडी ओळीने उभी आहेत. शहर सावरलं, असं म्हणताना शहर म्हणजे जमीन की त्या वेळची माणसं, हे विचारायला हवं. मी माणसांच्या बाजूने मोजेन.

मोठ्या कारखान्यापेक्षा फार छोट्या एका उपायाची तपासणी मात्र औषधासारखी झाली आहे. फिलाडेल्फियात पडक्या घरांच्या जागी हजारो मोकळे प्लॉट उरले होते: फुटक्या बाटल्या, टायर, कमरेएवढं गवत. चार्ल्स ब्रॅनस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे ५४१ प्लॉट घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची तीन गटांत विभागणी केली. पहिल्या गटातला कचरा उचलला, जमीन सपाट केली, नवी माती टाकली, हिरवळ आणि मोजकी झाडं लावली, आणि गुडघ्यापर्यंतचं लाकडी कुंपण घातलं. कुंपणात वाट ठेवली होती, म्हणजे मुलं आत जाऊ शकतील पण गाडी आणून कुणी राडारोडा टाकू शकणार नाही. एका प्लॉटला सुमारे १,६०० डॉलर. दुसऱ्या गटातला फक्त कचरा उचलून गवत कापलं. तिसऱ्या गटाला हात लावला नाही.

निकाल २०१८ मध्ये छापून आले. दारिद्र्यरेषेखालच्या वस्त्यांत, जिथे प्लॉट सुधारले तिथे, बंदुकीचे गुन्हे २९ टक्क्यांनी घटले. हिरवळ केलेल्या प्लॉटजवळ राहणाऱ्यांत खिन्न वाटतं म्हणणाऱ्यांचं प्रमाण, हात न लावलेल्या प्लॉटच्या तुलनेत, ४१.५ टक्क्यांनी कमी झालं. नुसता कचरा उचलला तिथे मनाच्या तक्रारींत ठळक फरक पडला नाही. इतर हजार प्रश्नांसारखा यातही अंदाज करत बसावं लागलं नाही, कारण यावेळी 'नाहीतर' कुठे आहे ते माहीत होतं. तो तिसरा गट होता: तेच टायर, तेच गवत, आणि समोरच्या पायऱ्यांवर बसून रोज तेच पाहणारी माणसं. त्यांच्या दारातलं काहीच बदललं नाही, म्हणून बाकीच्यांच्या दारात काय बदललं ते मोजता आलं.